टोकियोतलं रामेन आणि आमचं ‘चालत नाही’

लहान मुलांना घेऊन परदेशात फिरताना सगळ्यात अवघड वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी संध्याकाळी सातची वेळ सांगेन. मुलं चालून दमलेली असतात, भुकेली असतात. आपण अशा रस्त्यावर उभे असतो जिथे समोर दहा खाणावळी आहेत आणि एकाही पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही. त्यात आपण मुसलमान असलो तर भुकेच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न कसा विचारायचा, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी टोकियोत शिकावं लागलं. शिकवणी एका रामेनच्या वाडग्यावर झाली.

नवऱ्याला कंपनीच्या कामासाठी दहा दिवस टोकियोला जायचं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्हीही निघालो. थोरली आठ वर्षांची, धाकटा चारचा. दोघांनी ‘नारुतो’ हे कार्टून बघितलेलं. त्यातला पोरगा सारखा रामेन खात असतो. वाफाळता शोरबा, त्यात लांब शेवया, अर्धं अंडं आणि वर गुलाबी भोवऱ्याची नक्षी असलेली माशाची चकती. त्या चकतीचंच नाव नारुतो. तेव्हा पुण्यातून निघतानाच ठरलं होतं, टोकियोत गेल्यावर पहिलं काम रामेन खाणं.

पहिले दोन दिवस बॅगेतल्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले अंडा सँडविच यावर निघाले. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर होता. मी दोघांना घेऊन उएनोचं प्राणिसंग्रहालय बघितलं. परत येताना पाऊस लागला. धाकटा कडेवर, थोरलीच्या बुटात पाणी, आणि समोर एक मोठं, उजेडाचं, कुटुंबं बसलेलं रामेनचं हॉटेल. आत लहान मुलांच्या उंच खुर्च्या होत्या. मेन्यूत फोटो होते. एका फोटोत शेवयांवर कोबी, गाजर, मोड आलेले मूग असं सगळं रचलेलं. खाली इंग्रजीत लिहिलेलं, व्हेजिटेबल रामेन. मांस दिसत नव्हतं. मी बोटाने दाखवून तीन वाडगे मागवले.

इथे माझी चूक काय झाली ते सविस्तर सांगते, कारण ती कुणाचीही होऊ शकते. रामेनची जी नावं आपण ऐकतो, शिओ म्हणजे मिठाचं, शोयू म्हणजे सोयाचं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, ती नावं चवीची आहेत. त्या चवीखाली जो शोरबा असतो तो कशाचा, हे त्या नावातून कळत नाही. फुकुओकाच्या हाकाता भागातलं तोन्कोत्सु रामेन तर उघड डुकराच्या हाडांचंच. तासन्‌तास उकळून शोरबा दुधासारखा पांढरा होईपर्यंत शिजवतात. पण मिठाच्या, सोयाच्या, मिसोच्या रामेनमध्येही पुष्कळदा डुकराची आणि कोंबडीची हाडं एकत्रच उकळलेली असतात. वर डुकराची चरबीही सोडतात. भाजीचं रामेन म्हणजे वर भाजी. खालचा शोरबा तोच. म्हणूनच जपानमध्ये ‘नो पोर्क’ म्हटलं की वरचे मांसाचे तुकडे काढून वाडगा पुढ्यात येतो आणि आपण निर्धास्त होतो.

मी तर ‘नो पोर्क’ एवढंही म्हटलं नव्हतं. का नाही म्हटलं, त्याकडे नंतर येते.

वाडगे आले. पोरांसाठी छोटे वाडगे, प्लास्टिकचे काटे. शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या बाळाच्या शेवया छोट्या कात्रीसारख्या चिमट्याने बारीक करत होती. तिने हसून तो चिमटा मला देऊ केला. सगळे सुर्र सुर्र आवाज करत खात होते. घरी आवाज केला की मी डोळे वटारते, इथे मोठी माणसंच करताहेत म्हटल्यावर धाकट्याला स्वर्ग मिळाला. पावसातून आल्यावर तो गरम शोरबा इतका छान लागला की मी मनात म्हटलंसुद्धा, अल्लाहचं शुक्र, एक संध्याकाळ सुखाची गेली.

थोरलीचं खाऊन झालं होतं. ती टेबलावरचं कार्ड बघत बसली. ॲलर्जीचा तक्ता होता तो. जपानमध्ये मोठ्या हॉटेलांत असे तक्ते ठेवलेले असतात. आडव्या रांगेत अंडं, दूध, गहू, कोळंबी अशी छोटी चित्रं, उभ्या रांगेत पदार्थ, आणि ज्यात जे आहे तिथे काळा ठिपका. शाळेत कोष्टकं नुकतीच शिकली होती ती. आमच्या रामेनचा फोटो शोधून तिने त्या रांगेवरून बोट फिरवलं, एका चित्रापाशी थांबली आणि म्हणाली,

“अम्मी, हे डुक्कर आहे ना?”

मी बघितलं. गोल नाक, दोन भोकं. खाली काळा ठिपका.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही माझं मलाच वाईट वाटतं. धाकटा दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून उरलेला शोरबा पीत होता. मी तो वाडगा त्याच्या हातातून ओढून घेतला. शोरबा त्याच्या अंगावर सांडला. तो किंचाळला. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. वेट्रेस मुलगी धावत आली. काय झालं तिला कळेना, तरी ती वाकून वाकून माफी मागत होती. तिचा काहीच दोष नव्हता. तक्ता टेबलावरच होता, मी वाचला नव्हता. मी पैसे दिले, रडणाऱ्या पोराला उचललं आणि पावसात बाहेर पडले.

रस्त्यात थोरली गप्प होती. हॉटेलच्या लिफ्टमध्ये तिने विचारलं, “आता आपल्याला गुनाह लागेल का?” मी म्हटलं, नाही, चुकून झालं. ती म्हणाली, “मग तू एवढी घाबरलीस कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. मुलं झोपल्यावर मी सांगलीला अम्माला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे पाच वाजलेले, असरची नमाज होऊन ती निवांत बसलेली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं तौबा कर म्हणेल, काहीतरी पढायला सांगेल. ती म्हणाली,

“जानबुजके करी क्या तू?”

“नै.”

“फिर डरती कायकू? अल्लाह नियत देखता.” थोडं थांबून म्हणाली, “पन बच्चे के हात का कटोरा खिंची, वो तो जानबुजके करी ना?”

अम्मा चौथी शिकलेली आहे. चुकून, विसरून, अजाणता घडलेल्या गोष्टीची पकड नाही, हे आपल्या घरातल्या प्रत्येक म्हातारीला माहीत असतं. ते मलाही माहीत होतं. पण पोराच्या हातातून घास ओढणं चुकीत मोजता येणार नाही, हे तिने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. एकच प्रश्न घोळत होता. ऑर्डर देताना मी विचारलं का नाही? भाषा येत नव्हती हे खरं, पण फोनमध्ये भाषांतराचं ॲप होतं. पाऊस होता, पोरं भुकेली होती, हेही खरं. पण खरं कारण वेगळं होतं. मला विचारायची लाज वाटते. परदेशातच असं नाही, आपल्याकडेही वाटते. ऑफिसच्या जेवणात, मुलांच्या शाळेच्या सहलीत, मैत्रिणीच्या घरी, “हे हलाल आहे का?” हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं विचारलेला नाही. मी सरळ “मी आज व्हेजच खाते” म्हणते. ते सोपं जातं.

मराठीत ‘चालत नाही’ हा किती साधा शब्द आहे. चतुर्थीला कांदा चालत नाही. श्रावणात मटण चालत नाही. शेजारच्या जैन काकूंना बटाटा चालत नाही. कुणी त्यावर भुवया उंचावत नाही, यजमान आपणहून वेगळं काहीतरी करून ठेवतो. पण आमचं ‘चालत नाही’ टेबलावर आलं की हवा थोडी बदलते. कुणी चेष्टा करतं, कुणी एकदम गंभीर होतं, कुणी चर्चाच सुरू करतं. आता तर हा शब्द पार राजकारणात गेला आहे. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघालं. कुणी काय खावं, कुठून घ्यावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण माझ्यासारखी बाई त्यातून एवढंच शिकली की हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही. आणि न उच्चारता मी पोरांना काय शिकवत होते? की आपलं ‘चालत नाही’ ही लपवायची गोष्ट आहे, आणि चूक झाली तर किंचाळायची गोष्ट आहे. मधलं काही नाही.

सकाळी उठून मी थोरलीला बरोबर घेऊन फोनमध्ये एक मजकूर तयार केला. ‘आम्ही मुसलमान आहोत. डुकराचं मांस, त्याची चरबी, त्याच्या हाडांचा शोरबा आणि दारू आम्हाला चालत नाही. आम्ही खाऊ शकू असं तुमच्याकडे काही आहे का?’ ॲपने त्याचं जपानी केलं. दारूचा उल्लेख यासाठी की मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू तिथल्या स्वयंपाकात सर्रास घालतात.

दुपारी हॉटेलजवळच्या गल्लीत एक छोटं रामेनचं दुकान दिसलं. दाराशी तिकिटाचं यंत्र. पैसे टाकायचे, पदार्थाचं बटण दाबायचं आणि चिठ्ठी आत द्यायची. आत फक्त ओट्यासमोर सात-आठ स्टुलं. अशा दुकानांत मुलांना घेऊन जाणं तसं अवघडच. लोक एकेकटे येतात, दहा मिनिटांत खाऊन उठतात, बाबागाडी ठेवायला जागा नसते. पण मला खायचं नव्हतं, विचारायचं होतं. मालक साठीचे असतील, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी फोन पुढे केला. छाती धडधडत होती.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. मजकूर वाचला, पुन्हा वाचला. मग मागच्या मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बुता.” म्हणजे डुक्कर. आणि दोन्ही हात छातीसमोर आडवे करून फुलीची खूण केली. जपानमध्ये ‘नाही’ म्हणायची ही नेहमीची खूण. धाकटा आधी घाबरून माझ्या मागे लपला. मालकांनी त्याला बघितलं, हसले, त्याच्यासाठी पुन्हा फुली केली, या वेळी मजेशीर तोंड करून. मग दारापर्यंत आले आणि स्टेशनच्या दिशेला हात करून म्हणाले, “असाकुसा, हलाल, ओके.”

त्यांना आम्ही तीन गिऱ्हाइकं मिळाली असती. वरचं मांस काढून वाडगा देता आला असता, मला कळलंही नसतं. त्यांनी तसं केलं नाही. बाहेर पडल्यावर थोरली म्हणाली, “त्यांना राग नाही आला.” मी म्हटलं, “राग कशाचा?” ती म्हणाली, “मला वाटलं येईल. तू घाबरली होतीस ना.”

पोरांना सगळं कळत असतं.

असाकुसा म्हणजे टोकियोचा जुना भाग. तिथल्या सेन्सोजी मंदिराच्या आसपास हलालची पाटी लावलेली रामेनची दुकानं आहेत. २०१३ मध्ये मलेशियाच्या पर्यटकांना जपानने व्हिसाची अट काढली, पाठोपाठ इंडोनेशियाच्याही लोकांना सवलत मिळाली, आणि मुसलमान पाहुण्यांची संख्या वाढत गेली. दुकानदारांनी हिशेब केला, पाट्या लागल्या. यात व्यापार आहे, फार भाबडं व्हायचं कारण नाही. याच जपानमध्ये ओइता प्रांतात मुसलमानांच्या दफनभूमीला गावकऱ्यांचा विरोध कित्येक वर्षं चालला. जेवायला घालणं सोपं असतं, कायमची जागा देणं अवघड. तरीही पाटी बघून त्या दुपारी मला बरं वाटलं, ते खोटं नव्हतं.

आणखी एक गंमत. जपानमधलं सुरुवातीचं नावाजलेलं रामेनचं दुकान, राइराइकेन, १९१० मध्ये याच असाकुसात निघालं. तिथे चिनी आचारी होते. म्हणजे आज जपानची ओळख झालेला हा पदार्थ मुळात चिनी. साप्पोरोला गेला तिथे मिसोचा झाला, हाकाताला गेला तिथे डुकराच्या हाडांचा. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी झटपट रामेन काढलं, ते तर कोंबडीच्या चवीचं होतं. मग हलाल कोंबडीच्या हाडांवर उकळलेलं रामेन खरं की खोटं, हा वाद कुणी कशाला घालावा?

खुद्द जपान्यांचंही एक मोठं ‘चालत नाही’ होतं. सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी केली. बौद्ध धर्माच्या प्रभावाने पुढे शेकडो वर्षं मांस खाणं कमी प्रतीचं मानलं गेलं. सम्राट मेजी यांनी गोमांस खाल्लं ही १८७२ मधली मोठी बातमी होती. मधल्या काळात ज्यांना रानडुक्कर खायचं असे ते त्याला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणत, कारण मासा चालायचा! ही गोष्ट मी ट्रेनमध्ये मुलांना सांगितली तेव्हा थोरली इतकी हसली की समोरची आजीबाई पण हसायला लागली.

असाकुसातलं दुकान लहानच होतं. वर नमाजसाठी खोली, वजू करायला नळ. आत डोक्यावर स्कार्फ बांधलेल्या तीन बाया आणि त्यांची पोरं, बहुतेक मलेशियाच्या. त्यांच्या शेजारी सूट घातलेले दोन जपानी बाबू, त्यांना हलालशी काही देणंघेणं नसावं, दुपारचं जेवण उरकत होते. थोरली पुढे झाली. काउंटरवरच्या पोराला तिने विचारलं, “बुता?” त्याने हातांची फुली केली आणि म्हणाला, “नो बुता!” तिनेही फुली केली.

वाडगे आले. कोंबडीचा शोरबा, पांढरट, दाट. वर कोंबडीचेच पातळ काप, अर्धं अंडं, कांद्याची पात. गुलाबी भोवरा मात्र नव्हता, थोरली जरा हिरमुसली. पण तिने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “अम्मी, हा तर नानीच्या पायासारखा लागतो.” खरंच होतं. अम्मा रात्रभर मंद आचेवर पाया ठेवते, सकाळी ओठ ओठांना चिकटतील असा शोरबा होतो. हाडांतला सगळा अर्क पाण्यात उतरवायचा, एवढीच ती युक्ती. सांगलीच्या चुलीवर आणि टोकियोच्या शेगडीवर ती एकच.

धाकटा मात्र खात नव्हता. वाडगा समोर, दोन्ही हात मांडीवर. माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, “बेटा, काल मी तुझा वाडगा ओढला. माझं चुकलं. माफ कर मला.”

तो म्हणाला, “त्यात डुक्कर होतं?”

“हो.”

“यात आहे?”

“नाही.”

“मग आज ओढू नकोस.”

“नाही ओढणार. आणि असलं तरी ओढणार नाही. आधी सांगेन.”

त्याने जरा विचार केला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि सुर्र करून पहिली शेवई ओढली. सगळा शर्ट भिजला. मी डोळे वटारले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ‘नो पोर्क’वर थांबू नका, शोरबा आणि चरबीचं विचारा. ॲलर्जीचा तक्ता असेल तर मागवण्याआधी वाचा, पण त्यात दारूचं कळत नाही, ते वेगळं विचारा. मजकूर जपानीत करून फोनमध्ये ठेवा. मुलं बरोबर असतील तर गर्दीची वेळ टाळून साडेअकराला जा. आणि विचारायचं काम मुलांनाही करू द्या. माझ्यापेक्षा ती चांगलं करतात, त्यांच्या पोटात गोळा येत नाही.

परत आल्यावर महिनाभराने आमच्या सोसायटीत एका मुलाचा वाढदिवस होता. सँडविचचं ताट फिरत धाकट्यापाशी आलं. आतमध्ये सॉसेज होतं. मी लांब उभी होते. सवयीने पुढे निघाले, आणि थांबले. त्याने वाढणाऱ्या काकूंना विचारलं, “यात काय आहे?” त्यांनी सांगितलं. त्याने दोन्ही हात छातीसमोर आडवे करून फुली केली. “मला चालत नाही.”

काकूंना ती खूण भलतीच आवडली. “अरे वा, हे कुठे शिकलास?” म्हणून त्यांनी त्याला चिप्स दिले. थोड्या वेळाने केक आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या जैन मुलाने आधी विचारलं, “अंड्याचा आहे?” आणि हो म्हटल्यावर हातांची फुली केली. मग पोरांचा तो खेळच झाला. कुणाला कोबी चालत नव्हता, कुणाला गणित.

घरी येताना धाकटा म्हणाला, “अम्मी, त्यांना राग नाही आला.”

मी म्हटलं, “नाही आला.”